मुठीतली काचेची नळी

बाळंतिणीचे दोन मिलिलीटर रक्त घ्यायचे, साध्या, कोरड्या काचेच्या नळीत घालायचे आणि नळी बंद मुठीत धरून ऊब द्यायची. चार मिनिटांनी ती हळूच कलती करून बघायची, मग दर मिनिटाला. नळी उलटी केली तरी रक्त जागचे हलले नाही, तर गुठळी झाली. सात मिनिटे उलटूनही ती झाली नाही, किंवा झाली आणि सहज मोडली, तर रक्त गोठेनासे झाले असे धरायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेतली ही तपासणी. तिला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही.

पूर्ण दिवस भरले की गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार पडल्यावर पिशवी आवळली नाही, तर बाई काही मिनिटांत पांढरीफटक पडते. निसर्गाने यासाठी तरतूद केलेली असते. गुठळी बांधणारे फायब्रिनोजेन एरवी लिटरमागे २ ते ४ ग्रॅम असते, ते दिवस भरताना ४ ते ६ ग्रॅमवर जाते. म्हणून छापील तक्त्यात ‘नॉर्मल’ दिसणारा अडीचचा आकडा अंगावरून भरपूर जाणाऱ्या बाळंतिणीसाठी धोक्याची सूचना असते. त्यातून वार वेळेआधीच सुटली असेल, तर हा साठा झपाट्याने संपतो.

आणि आपण काय करतो? ‘रक्ताची पिशवी आणा’ म्हणून नवऱ्याला पिटाळतो. हल्ली त्या पिशवीत बहुधा नुसत्या तांबड्या पेशी असतात. त्या प्राणवायू वाहतात, पण गोठवणारे घटक त्यांच्याबरोबर येत नाहीत. वरून सलाईनच्या बाटल्या चढवल्या की उरलेसुरले घटकही पातळ होतात. ते घटक असतात प्लाझ्मात, आणि फायब्रिनोजेन दाटून असते क्रायोप्रेसिपिटेटमध्ये. दोन्ही गोठवून ठेवलेले. प्लाझ्मा वितळायलाच अर्धा तास जातो.

तोवर हाताशी असते ते ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. झालेली गुठळी विरघळू न देणारे हे औषध उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने शोधले, १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवावा, हा उताकोबाईंचा ध्यास. प्रसूतितज्ज्ञांनी मात्र दाद दिली नाही. अखेर २१ देशांतल्या २०,०६० महिलांवर चाचणी झाली. पहिल्या तीन तासांत औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटले. हा निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आला. उताकोबाई आदल्याच वर्षी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या होत्या.

उशीर झाला तर दर पंधरा मिनिटांना या औषधाचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो. मग ते जिल्हा रुग्णालयात पोचल्यावर का द्यायचे? जिथे बाळंतपण झाले तिथेच, गाडीत चढवण्याआधी, एक ग्रॅम शिरेतून गेलेच पाहिजे.

२०१८–२०च्या नोंदींत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. आकडा चांगलाच आहे. पण त्यावर समाधान मानायचे नसेल, तर रेफरच्या चिठ्ठीवर ‘पीपीएच’ (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव) एवढी तीन अक्षरे लिहून भागणार नाही. अंदाजाने नव्हे, मोजून किती रक्त गेले, ट्रॅनेक्सॅमिक किती वाजता दिले, नळीत गुठळी किती मिनिटांनी झाली, हेही हवे. हेच फोनवर कळवले, तर गाडी घाटात असतानाच रक्तपेढीत प्लाझ्मा वितळायला ठेवता येतो.