लवादाचा मेहनताना कोणाच्या खिशातून?

भंडारा जिल्ह्यातले दोन शेतकरी डोळ्यांसमोर आणा. एकाची धानाची बांधी पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाच्या बुडितात गेली, दुसऱ्याची साकोलीकडे राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणात. मोबदला दोघांनाही तुटपुंजा वाटला. पहिल्याच्या हाती १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे कलम १८ होते. त्याने अर्ज केला की प्रकरण दिवाणी न्यायाधीशापुढे जायचे, साक्षीपुरावे व्हायचे आणि रक्कम वाढवून देण्याचा अधिकार न्यायालयाला असायचा. त्यावर नागपूर खंडपीठात अपीलही करता येई.

दुसऱ्याच्या वाट्याला राष्ट्रीय महामार्ग कायद्याचे कलम ३-जी (५) आले. इथे तक्रार ऐकतो तो केंद्र सरकारने नेमलेला लवाद, म्हणजे प्रत्यक्षात जिल्हाधिकारी किंवा आयुक्त कार्यालयातला वरिष्ठ महसूल अधिकारी. शेतकऱ्याने त्याला निवडलेले नसते, आणि नको म्हणण्याची सोयही नसते.

लवादाने रक्कम वाढवली नाही, तर जिल्हा न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली दाद मागता येते. पण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. हकीम प्रकरणात सांगितले की, या कलमाखाली न्यायालय निवाडा रद्द करू शकते, त्यातला आकडा वाढवू शकत नाही. ते प्रकरणही महामार्गात गेलेल्या जमिनीचेच होते. एप्रिल २०२५ मध्ये घटनापीठाने निवाड्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार मान्य केला, पण अगदी मर्यादित. जमिनीचे मोल नव्याने ठरवण्याची मुभा त्यात नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूने जे काही व्हायचे, ते त्या एका लवादापुढेच.

आणि त्या लवादाकडे वेळ किती? शेतकरी सातबारा, संयुक्त मोजणीचा नकाशा, शेजारच्या गटांची खरेदीखते, विहिरीचे आणि झाडांचे मूल्यांकन असे सगळे बाड घेऊन येतो. साहेब तेवढ्यात व्हीसीला बसलेले असतात, नाहीतर निवडणुकीच्या, पुराच्या, धान खरेदीच्या बैठकीत. मग पुढची तारीख. कधी अधिकाऱ्याची बदली होते आणि नव्या साहेबांना सगळे पहिल्यापासून समजावून सांगावे लागते. मी इथे अधिकाऱ्यांना दोष देत नाही. ज्याला दहा कामांचा पगार मिळतो, त्याच्यावर न्यायदानाचे अकरावे काम लादले की हे होणारच. लवाद हे पूर्णवेळ लक्ष मागणारे काम आहे आणि त्याचा मोबदला वेगळा मोजला पाहिजे, हे सरकारने महामार्गाच्या बाबतीत कधी मान्यच केलेले नाही.

मोबदल्याचा हिशेब मांडला गेला तो दुसऱ्याच टोकाला. लवाद कायद्याला २०१५ साली लवादांच्या फीचे दर देणारी चौथी अनुसूची जोडली गेली. न्यायालयाने नेमलेल्या लवादांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फीचे नियम केले. लवादांनी आपली फी आपणच एकतर्फी ठरवू नये आणि ३० लाखांची कमाल मर्यादा प्रत्येक लवादाला स्वतंत्रपणे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ओएनजीसी विरुद्ध अफकॉन्स प्रकरणात स्पष्ट केले. हे सगळे योग्यच झाले. पण अनुसूचीतले आकडे तुमसरच्या राईस मिलवाल्याच्या नजरेने वाचा. वाद पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी ४५ हजार, लवाद एकटाच असेल तर आणखी २५ टक्के, म्हणजे ५६ हजार २५०. चार लाखांच्या थकबाकीसाठी भांडणाऱ्याच्या वादाचे १४ टक्के निव्वळ फीत गेले. वकील आणि टंकलेखन वेगळेच. तोच वाद ५० कोटींचा असेल तर एकट्या लवादाची फी कमाल ३० लाख अधिक २५ टक्के, म्हणजे साडेसदतीस लाख, वादाच्या पाऊण टक्का. लहान माणसाला लवाद महाग आणि मोठ्याला स्वस्त, अशी ही रचना आहे.

तिसरा प्रकार तर सरळ अन्यायाचा. ट्रॅक्टरचे कर्ज घेताना शोरूमच्या टेबलावर बारीक अक्षरांतल्या कागदांवर पटापट सह्या घेतल्या जातात. लवादाचे कलम त्यातच कुठेतरी दडलेले असते. हप्ते थकले की दूरच्या शहरातून इंग्रजीत नोटीस येते. लवाद कंपनीने नेमलेला, फी कंपनीने भरलेली, सुनावणी दूर. निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सरकारी कंपन्यांच्या करारांतली अशी एकतर्फी कलमे समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवली. पण नोटीस पाहूनच घाबरलेला कर्जदार हरकत घेत नाही आणि निवाडा थेट वसुलीला येतो.

म्हणून माझे म्हणणे असे. लहान वादांत लवादाचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून गेले पाहिजेत. हे अशक्य नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या न्यायालयात लहान रकमेचे दावे आधी तीन वकिलांच्या लवाद मंडळापुढे जातात आणि त्यांचा मेहनताना कौंटी देते. निकाल मान्य नसेल तर न्यायाधीशापुढे नव्याने सुनावणी मागता येते, मात्र त्यासाठी लवादांचे पैसे आधी परत भरावे लागतात. आपल्याकडे लोकअदालतीत तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, म्हणजे तत्त्व आपल्या ओळखीचेच आहे. भंडारा जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत निवृत्त न्यायाधीश आणि अनुभवी वकिलांची यादी तयार व्हावी, त्यांची फी ठरावीक आणि वाजवी असावी, सुनावणी मराठीत व्हावी. महामार्गाच्या प्रकरणांतही याच यादीतला लवाद असावा आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या भूसंपादन खर्चात धरावा. कोट्यवधींच्या रस्त्याला हा भार जड नाही.

हे होईल तेव्हा होईल. ज्यांची प्रकरणे आज चालू आहेत त्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. आणि निवाड्याची सहीची प्रत हाती पडल्यापासून आव्हानासाठी तीन महिने असतात. सबळ कारण दाखवले तर न्यायालय आणखी ३० दिवस देऊ शकते, त्यापुढे नाही.