रंधा आणि रेखाटन
(द्वितीय वर्ष बी.ए.)

श्रमप्रतिष्ठा हा आपल्या वक्तृत्वस्पर्धांचा आवडता विषय आहे. दरवर्षी कोणीतरी त्यावर टाळ्या घेतो, बक्षीस मिळवतो आणि खाली उतरतो. पण त्या वक्त्याच्या घरी धाकट्या भावाने 'मला सुतारकाम शिकायचे आहे' असे म्हटले, तर काय होईल? मित्रहो, हा प्रश्न मी कल्पनेने विचारलेला नाही. तो सध्या आमच्या घरात उभा आहे.

माझे वडील सुतार आहेत. गेली तीस वर्षे ते डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातील घरांत कपाटे, पलंग आणि स्वयंपाकघरे उभी करीत आले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझा भाऊ यंदा दहावी झाला आणि त्याने फर्निचर डिझाइन व तंत्रज्ञानाचा व्यावसायिक अभ्यासक्रम करण्याचा हट्ट धरला. सर्वांत मोठा विरोध झाला तो वडिलांचाच. ते म्हणाले, "रंधाच मारायचा तर माझ्याबरोबर चल, त्याला कॉलेज कशाला? आणि कॉलेजात जायचं तर मग रंधा कशाला?"

या प्रश्नाला खोटी प्रतिष्ठा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण मला तसे वाटत नाही. वडिलांचा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. लाकडाचा भुसा छातीत जातो, गुडघे लवकर थकतात, काम संपल्यावर शेवटचा हप्ता मिळविण्यासाठी चार चकरा माराव्या लागतात. ज्याने हे सारे भोगले आहे, त्याला श्रमाची थोरवी सांगणारे आपण कोण? म्हणून या विषयाचा विचार भाषणातून न करता कामाच्या बाजूने केला पाहिजे.

आज घोडबंदर रोडपासून कल्याण-शीळ रस्त्यापर्यंत इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. प्रत्येक घराला ओटा, कपाट, पलंग हवा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले, १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि आज तेथील फर्निचरचा बाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. तेव्हा या भागात काम नाही, असे कोणी म्हणणार नाही. मग सुताराच्या हाती त्यातले थोडेच का लागते?

माझ्या मते याचे उत्तर कागदात आहे. पूर्वी घरमालक तोंडी सांगे आणि सुतार जागेवर खडूने आखून वस्तू करून देई. वस्तू कशी असावी हे ठरविण्यात त्याचा वाटा असे. आता मध्ये रेखाटन आले. ते संगणकावर तयार होते, त्यावरची भाषा इंग्रजी असते आणि मापे मिलिमीटरमध्ये असतात. वडिलांचे माप फूट, इंच आणि सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. कागदावर ७२० लिहिलेले असते तेव्हा ते मनात २८ इंच ३ सूत असा हिशेब बसवतात. हिशेब चुकत नाही, पण मान कागदाकडे असते. ज्याच्या हाती कागद, त्याचा शब्द शेवटचा. एका घरी वडिलांनी सांगितले होते की या भिंतीला ओल आहे, येथे साधा प्लाय टिकणार नाही. "ड्रॉइंगमध्ये आहे तसे करा," असे उत्तर मिळाले. दुसऱ्या पावसाळ्यात कपाटाची पाठ फुगली तेव्हा बोलावणे मात्र सुतारालाच आले.

ही फाळणी केवळ एका घरातली नाही. आपल्या शिक्षणव्यवस्थेनेच ती केली आहे. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. दोन्ही कामे देशाच्या उपयोगाचीच होती. डिझाइनच्या विद्यार्थ्यालाही कार्यशाळेत लाकूड हाताळावे लागते, हेही खरे. पण समाजाने मनात वाटणी करून टाकली: एका दारातून आखणारे जातील, दुसऱ्या दारातून करणारे. दुसरे दार कमी गुणांच्या मुलांचे, अशी समजूत पालकांची आणि दुर्दैवाने काही शिक्षकांचीही आहे.

ही वाटणी अटळ होती काय? इतिहास तसे सांगत नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात १८९० साली कलाभवन निघाले. त्याची उभारणी करणारे त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि जन्माने सुतार समाजातले होते. तंत्राचे शिक्षण मातृभाषेतून मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याआधीची गोष्ट आपल्या कल्याणचीच आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर येथील खाडीत शिवाजी महाराजांची जहाजे बांधली जाऊ लागली. लाटेवर तरणारे जहाज आखणीवाचून होत नाही. आपण दुर्गाडीवर सहल नेतो, पण जहाज बांधणाऱ्या हातांना काय काय ठाऊक असले पाहिजे, हे कधी विचारीत नाही.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळते. रंध्याला कॉलेज कशाला? कारण लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र आकसते, हे वडिलांना हाताने कळते, पण समोरच्याला पटवून देता येत नाही. प्लायचे पापुद्रे एकमेकांना काटकोनात का चिकटवतात, आय.एस. ३०३ आणि आय.एस. ७१० या शिक्क्यांत फरक काय, ओल्या भिंतीला कोणता वापरावा, हे ज्याला कागदावर मांडता येते त्याचे म्हणणे ऐकले जाते. खर्चाचा अंदाज लेखी दिला की शेवटच्या हप्त्याची चकरही कमी होते. आणि कॉलेजला रंधा कशाला? कारण ज्याने कधी फळी घासली नाही, त्याने आखलेला ड्रॉवर पावसाळ्यात उघडत नाही. भावाला शिकायचे आहे ते या दोहोंच्या मधले.

येथे एक भीती मला स्पष्ट सांगितली पाहिजे. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे, ही बलुतेदारीची जुनी बेडी आहे. आमच्या भावाला कोणी त्या बेडीत अडकवू पाहील, तर मी वडिलांच्या बाजूने उभी राहीन. म्हणूनच या वर्गांत डॉक्टरांची, वकिलांची, प्राध्यापकांची मुले आणि मुलीही बसल्या पाहिजेत. धंदा जन्माने मिळाला की ओझे होतो, निवडून घेतला की विद्या होते. सर्वांनी निवडल्याशिवाय हा फरक पडणार नाही.

शासन काहीच करीत नाही असे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते आणि पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आहे. अवजारे जरूर हवीत. पण आखणी, साहित्याचे शास्त्र आणि हिशेब काही आठवड्याभरात येत नाहीत.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे बी.ए.च्या आराखड्यात व्यावसायिक कौशल्याच्या विषयांना श्रेयांक आले आहेत. हे श्रेयांक टिपणे उतरवून मिळवायचे की हाताला कुसळ टोचून, हे आपल्या हाती आहे. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की जवळच्या एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी बोलून आम्हाला तेथील कार्यशाळेत काही तास बसू द्यावे, आणि तेथील मुलांना आपले ग्रंथालय खुले करावे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी वाकस, पटाशी, गुण्या, कुसू असे शब्द जाणत्या सुतारांकडून टिपून घ्यावेत आणि त्यांच्या आधारे रेखाटनाची मराठी परिभाषा तयार करावी. हे काम आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाच करता येईल.

भावाच्या प्रवेशाचा अर्ज अजून कपाटावर पडून आहे. त्यावर वडिलांची सही व्हावी, असे मला मनापासून वाटते. मात्र ती माझ्या हट्टामुळे होऊ नये. आपल्या मुलाला कागद वाचता येईल आणि त्याच्या शब्दाला त्या कागदाइतकी किंमत असेल, अशी खात्री पटून त्यांनी ती करावी. ती खात्री देणे एकट्या मुलीला जमणारे नाही. शाळा-महाविद्यालयांनी, आणि उद्या घर सजवायला निघणाऱ्या आपण सर्वांनी, ती दिली पाहिजे.