उन्हाने तापला की एमडीने?

नवतप्यात भंडाऱ्याचा पारा 45 च्या आसपास असतो. अशा दिवसांत अंग भाजणारा, बरळणारा तरुण दवाखान्यात आला, की केसपेपरवर ‘ऊष्माघात’ लिहून आपण मोकळे होतो. यंदा तिथे थोडे थांबावे आणि ‘एमडी’ची शक्यताही तपासावी, एवढीच आमची मागणी आहे.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी 2015 मध्ये ते एनडीपीएस कायद्याखाली आले. तरीही 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि 2024 मध्ये कुरकुंभ एमआयडीसीत त्याचे कारखाने सापडले. नागपुरात एमडी पकडल्याच्या बातम्या आता नेहमीच्या झाल्या आहेत, आणि नागपूर, भंडारा, लाखनी, साकोली ही एकाच महामार्गावरची गावे आहेत.

औषधशास्त्राच्या दृष्टीने हा रेणू आपल्याला परका नाही. बेंझीनचे कडे, त्याला जोडलेले दोन कार्बन आणि टोकाला अमाइन, हा फेनेथिलअमाइनचा सांगाडा. इमर्जन्सी ट्रेमधले अॅड्रेनालिन, डोपामिन आणि दम्याचे सालब्युटामॉल याच घराण्यातले. कड्यावरचे हायड्रॉक्सिल गेले की रेणू मेंदूत सहज शिरतो. अमाइनशेजारच्या कार्बनवर मिथाइल आले की मोनोअमाइन ऑक्सिडेजला तो चटकन मोडता येत नाही. असे अॅम्फेटामिन तयार होते. मेफेड्रोनमध्ये त्यात कीटोनची भर पडते. ते चेतापेशींचे ट्रान्सपोर्टर उलटे चालवून डोपामिन, नॉरअॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन बाहेर सोडते. असर दोन-तीन तासांत ओसरतो, म्हणून ते एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा घेतले जाते. अस्वस्थ स्नायू उष्णता निर्माण करत राहतात, त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसल्याने ती बाहेर पडत नाही. बाहेरही 45 अंश असतील, तर शरीराला सुटकेची वाटच उरत नाही.

म्हणून बाहुल्या पाहा, रक्तदाब मोजा, जबडा आवळलेला आहे का आणि घोट्यात क्लोनस आहे का ते तपासा. घामावर निदान ठरवू नका. श्रमाच्या ऊष्माघातातही घाम असतो. लघवीच्या नेहमीच्या पट्टीत मेफेड्रोन बहुधा सापडत नाही, त्यामुळे ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका.

दोन्ही शक्यतांत पहिले काम एकच: गार पाणी, पंखा, ओली चादर. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. तळमळ, झटके यांसाठी डायझेपाम, लोराझेपाम किंवा मिडाझोलाम द्या. हातपाय बांधून ठेवल्यास ताप आणखी वाढतो. केवळ बीटा रिसेप्टर अडवणारे औषध टाळा, कारण अल्फा मोकळा राहून रक्तदाब भडकू शकतो. ट्रॅमाडॉल नकोच, त्याने झटके आणि सेरोटोनिन सिंड्रोम दोन्ही ओढवतात. सोडियम तपासल्याशिवाय साध्या पाण्याचा मारा करू नका.

आणि विचारा. पोलिसी आवाजात नव्हे, नातेवाइकांना बाहेर बसवून, एकट्याला किंवा सोबतच्या मित्राला. अल्प मात्रेच्या गुन्ह्यातली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर एनडीपीएसचे कलम 64-अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. हे तिला आणि घरच्यांना सांगा, 14446 हा हेल्पलाइन क्रमांकही द्या.

तुमसरपासून लाखांदूरपर्यंतच्या प्रत्येक आरोग्य केंद्राने आणि खासगी दवाखान्याने उन्हाळा सुरू होण्याआधी ऊष्माघाताच्या फलकावर एक ओळ वाढवावी: ‘काही घेतले होते का, हे विचारले?’

— संपादक