खेळातली राजी, घरातला अबोला



नाशिकच्या इंदिरानगरातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी आठवीत. पुण्याच्या मावसभावानं सुटीत घरच्या कॉम्प्युटरवर ‘राजी’ नावाचा खेळ घालून दिला, तेव्हापासून मुलगी शाळेतून आली की तिथंच. सासूबाई म्हणतात, “देवादिकांचाही खेळ मांडला का गं आता?” राक्षसांच्या आरोळ्या ऐकून यांचंही डोकं उठतं. परवा जेवायला हाका मारून दमल्या, तेव्हा यांनी रागानं बटणच बंद केलं. मुलीनं दोन दिवस अबोला धरला. “तू एकदा बघ तरी, आई,” एवढंच म्हणाली. भगिनी विचारतात, खेळ काढून टाकू का?

काढण्याआधी तो आहे तरी काय ते पाहू. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हे त्याचं पूर्ण नाव. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळीनं तो 2020 साली बाहेर आणला. संस्थापकांत श्रुती घोष ही चित्रकार स्त्री आहे, हे आपल्याला आवडेलच. 2017 साली त्यांनी लोकांकडे वर्गणी मागून पाहिली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. दुसरे संस्थापक अविचल सिंग यांनी आपला फ्लॅट विकून काम पुढं नेलं. त्याच 2020 साली ‘द गेम अवॉर्ड्स’ या परदेशी बक्षीस समारंभात नव्यांच्या पहिल्या खेळांत त्याला नामांकन मिळालं.

गोष्ट साधी आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. महाबलासुराचे राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते आणि ती भावाला शोधायला निघते. आपण नाशिककर, सीताहरणाची कथा पंचवटीच्या वाटेवर ऐकतच लहान झालो. तिथं राम सीतेला शोधायला निघतो, इथं बहीण भावासाठी निघते. आठव्या इयत्तेतल्या मुलीला ही राजी आपली वाटली, तर नवल ते काय?

आता गुण. राजस्थानी गढी-हवेल्यांच्या धर्तीचे वाडे, रंगवलेल्या भिंती; चित्रं खरोखर पाहण्याजोगी. भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबलं की देवांच्या कथा कानावर पडतात. मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांतून दाखवले आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पाडून रामायण सांगतात ना, तशाच जातीचा प्रकार. (त्यांतले परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.) मंडलाची वर्तुळं फिरवून चित्र जुळवायची कोडीही आहेत.

दोषही सांगायला हवेत. मारामारी फार, आणि थोड्या वेळानं तीच ती वाटते. दृश्य कुठल्या बाजूनं दिसावं हे खेळणाऱ्याच्या हाती नाही, त्यामुळं उडीचा अंदाज चुकतो आणि मुलं चिडतात. सुरुवातीला बोलणं इंग्रजी होतं आणि ते पुष्कळांना कृत्रिम वाटलं. 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. सगळ्यांत मोठी तक्रार शेवटाची. पाचसहा तासांत खेळ संपतो आणि गोष्ट ऐन रंगात आली असता तुटल्यासारखी होते.

पण भगिनी, याच दोषात तुमची सोय आहे! ज्या खेळांना शेवटच नसतो, त्यांच्यापायी मुलं महिनोन् महिने अडकतात. हा आठ संध्याकाळी पाऊण पाऊण तास दिला तरी संपेल. अभ्यास आटोपल्यावर वेळ ठरवून द्या. घरचा खेळ जुन्या आवृत्तीचा आहे की हिंदी आवाजाचा, तेही भाच्याला विचारून घ्या. हिंदी असेल तर सासूबाईंनाही कळेल.

एक गोष्ट मात्र जाणून घ्या. हा खेळ ठरावीक टप्प्यावर पोचल्यावरच आपोआप नोंदला जातो. मधेच बटण बंद केलं की तेवढा भाग पुन्हा खेळावा लागतो. तव्यावर भाकरी असताना कोणी गॅस बंद केला तर आपल्याला कसं वाटेल? तेव्हा पानं घेण्याआधी पंधरा मिनिटं सांगा, “पुढचा टप्पा आला की ऊठ.” मग मात्र उठलंच पाहिजे, हेही बजावा.

सासूबाईंना खुर्ची द्या. महाबलासुराची ही गोष्ट पुराणातली नव्हे, खेळासाठी रचलेली आहे, हे मुलीला नीट कळायला हवं. भिंतीवरच्या कथेतलं खरं पुराणातलं किती आणि यांच्या पदरचं किती, हे आजीइतकं कोण सांगणार? देवांची चेष्टा यात नाही, हेही त्यांना स्वतः पाहिल्यावर पटेल असं वाटतं.

म्हणून इतक्यात काढू नका. एक संध्याकाळ शेजारी बसा, भाजी निवडायला घेऊन बसलात तरी चालेल. “ही आता कुठं निघाली गं?” असं विचारा. दोन दिवसांचा अबोला तिथंच सुटेल. त्यानंतरही मारामारी तुमच्या मनाला पटली नाही, तर तसं मुलीला सांगा. पाहून सांगितलेलं ती ऐकून घेईल.

काय झालं ते जरूर कळवा.