पेटीतला कॅमेरा, खिशातला कॅमेरा

परवा पुतण्याचा फोन आला. पोराची नुकतीच लेहला बदली झाली आहे. ख्यालीखुशाली झाल्यावर मुद्द्यावर आला. "काका, पन्नास हजार बाजूला काढलेत. चांगला कॅमेरा घ्यायचाय. कोणता घेऊ?"

यूनिटमध्ये मला 'फोटोवाले' म्हणायचे, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. पूर्वी मी लगेच मॉडेलचं नाव सांगून मोकळा व्हायचो. या वेळी म्हटलं, "थांब जरा, लिहूनच पाठवतो." तेजपूरला सध्या पाऊस आहे, संध्याकाळी बाहेर पडता येत नाही, वेळ बराच आहे. आणि हा प्रश्न त्या एकट्याचाही नाही. म्हणून इथेच लिहितो.

आधी माझी चूक सांगतो, मग सल्ला देतो.

२००७ साली मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. साबणाच्या वडीएवढा, सात मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. २००८ मध्ये आम्ही जैसलमेरला होतो. तो कॅमेरा कायम खिशात असायचा. सुट्टीच्या दिवशी, लंगरमध्ये, व्हॉलीबॉलच्या मैदानावर, रेल्वेच्या डब्यात, सुचेल तेव्हा बाहेर काढायचा आणि खटकन दाबायचा. फोटो काही ग्रेट नव्हते. शेवटी वाळूनेच त्याचा जीव घेतला. बाहेर येणाऱ्या लेन्सच्या नळीत रेती गेली आणि ती अर्ध्यावर अडकून बसली ती बसलीच.

२०१२ मध्ये म्हटलं, आता खरा कॅमेरा घेऊ. दुकानदाराने मला नीट ओळखलं. फौजी सुट्टीवर आलाय, खिशात पैसे आहेत, घाई आहे. मोठा डीएसएलआर, सोबत दोन लेन्स, बॅग, तिपाई, फिल्टर, सगळं गळ्यात मारलं. कॅमेरा उत्तम होता, त्याला दोष देणार नाही. तो घेऊन मी लडाखला गेलो आणि दोन वर्षांत जवळजवळ सहा हजार फोटो काढले. पँगाँगचं पाणी, मठ, चोर्तेन, बर्फाची शिखरं, चांदण्या. सुट्टीत घरी दाखवले की लोक वा वा करायचे.

आमच्यात एक हवालदार होते, कोल्हापूरकडचे. सगळे त्यांना आबा म्हणायचे. जैसलमेरलाही होते, लडाखलाही होते. नव्या पोरांचे केस कापायचे, घरून चिठ्ठी आली नाही म्हणून रुसलेल्याला हसवायचे, रविवारी लंगरमध्ये शिरून झणझणीत रस्सा करायचे. लडाखहूनच ते पेन्शनवर गेले. काही वर्षांनी वारले. महिन्याभराने त्यांच्या मुलाचा निरोप आला, "काका, तुमच्याकडे बाबांचे नोकरीतले फोटो असतील ना? घरी लग्नाचा आणि ओळखपत्राचा एवढेच आहेत."

मी म्हटलं, "असतील म्हणजे काय, ढिगाने असतील." रात्री बसलो शोधायला. सहा हजार फोटो एकेक करून पाहिले. आबा फक्त एका फोटोत सापडले. तेही कडेला, पाठमोरे, धूसर. मी फोटो काढत होतो मागच्या डोंगराचा.

असं का झालं? कारण तो कॅमेरा काळ्या पेटीत असायचा, बॅगेत गुंडाळून, कुलपात. 'आज फोटोग्राफी करायची' असं ठरवलं की बाहेर निघायचा. आबा केस कापत असताना, रस्सा ढवळत असताना कोण पेटी उघडून लेन्स चढवत बसणार?

शेवटी फोटो मिळाला तो जुन्या साबणाच्या वडीतला. जैसलमेरला आबा छागळीतून पाणी पिताहेत, मिशीवरून ओघळतंय आणि ते हसताहेत. मुलाने तो बारा बाय आठ इंचाचा करून दिवाणखान्यात लावला आहे. गेल्या वर्षी मी पाहून आलो. सात मेगापिक्सेल त्याला पुरून उरलेत.

म्हणून माझं मत सरळ आहे. आपल्यासारख्या हौशी माणसाने कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न 'किती चांगला?' हा विचारू नये. 'सोबत राहील का?' हा विचारावा. जत्रेत हवशे, नवशे आणि गवशे असतात. दुकानं आपल्याला गवशे समजून माल विकतात आणि आपण हवशे असूनही तो घेतो.

आता मेगापिक्सेलचा हिशेब एकदा करूनच टाकू. चांगली छपाई म्हणजे इंचाला ३०० ठिपके. चार बाय सहा इंचाच्या फोटोला १२०० गुणिले १८०० ठिपके लागतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. ए-४ आकाराला नऊच्या आत. आज बाजारातले बहुतेक नवे कॅमेरे याहून बरेच जास्त देतात. मग जास्त पैसे कशाचे मोजायचे? तर सेन्सरच्या आकाराचे. स्वस्तातल्या लहान कॅमेऱ्यांत सेन्सर साधारण सहा बाय साडेचार मिलिमीटरचा असतो, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ज्याला 'एक इंची' म्हणतात तो सुमारे तेरा बाय नऊ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. एपीएस-सी त्याच्याही तिप्पट. मोठ्या परातीत पावसाचं पाणी जास्त साठतं, तसाच मोठ्या सेन्सरवर उजेड जास्त गोळा होतो. संध्याकाळी, बल्बच्या उजेडात, शेकोटीभोवती फोटो काढायचे तर फरक इथे पडतो.

तू म्हणशील, "काका, मग मोबाइल काय वाईट आहे?" वाईट मुळीच नाही. दहापैकी सात जणांना मी हेच सांगतो की कॅमेरा घेऊ नका, हातातला फोन नीट वापरा. फोनचा सेन्सर लहान असला तरी तो एका दाबात अनेक फोटो घेऊन त्यांचा मेळ घालतो, आणि घरच्या कामाला ते पुरेसं असतं. पण तुझ्यासाठी दोन-तीन गोष्टी वेगळ्या आहेत. भर उन्हात बर्फावर उभं राहिलं की फोनच्या पडद्यावर काही दिसत नाही, तिथे डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर हवा. लांबचं जवळ आणायला खरी झूम हवी. फोनची 'डिजिटल झूम' म्हणजे बहुतेक वेळा फोटो कापून मोठा करणं. आणि फोन फोटोतच ठिकाणाची नोंद ठेवू शकतो. आपल्या धंद्यात हे चालणार नाही. कॅमेरा घेतलास तरी त्यातलं जीपीएस असेल तर बंद कर. कुठे फोटो काढायचा आणि कुठे नाही याचे नियम तुला ठाऊक आहेत, त्यावर मी बोलणार नाही. शंका आली की कॅमेरा खिशात ठेवायचा, एवढंच.

दुकानात जाण्याआधी एक काम कर. तुझ्या फोनमधले शेवटचे शंभर फोटो बघ आणि मोज. माणसं किती, डोंगर किती, पक्षी किती, अंधारातले किती? सत्तर फोटो माणसांचे असतील तर पक्ष्यांसाठीची हातभर लेन्स घेऊन काय करशील? मी २०१२ मध्ये ही मोजणी केली असती तर दुसरी लेन्स घेतलीच नसती. ती मोजून चार वेळा लावली. इथे आसामात आल्यावर एका पावसाळ्यानंतर बॅग उघडली तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी. दमट हवेत न वापरलेल्या लेन्सचं हेच होतं.

मग दुकानात जा आणि कॅमेरा हातात घे. तुझे जाड हातमोजे सोबत ने आणि ते घालून बटणं दाबून बघ. दुकानदार हसेल, हसू दे. चालू केल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो ते बघ. पार्काच्या खिशात घाल, बाहेर काढ, पुन्हा घाल. खिशात मावत नसेल तर तो पेटीत जाणार हे आत्ताच समज.

माझ्या मते तुला दोनच जातींत पाहायचं आहे. एक, खिशात मावणारा एक इंची सेन्सरचा कॅमेरा. सोनीच्या आरएक्स-१०० ने २०१२ मध्ये ही वाट रुळवली, नंतर इतरांचेही आले. दोन, लहानसा मिररलेस आणि त्याला एकच छोटी लेन्स. नवे तुझ्या पैशांत बसले नाहीत तर वापरलेला घ्यायला लाजू नकोस. फक्त लेन्समधून बॅटरीचा झोत टाकून बुरशी बघ, झूमची नळी सरळ आत-बाहेर होते का बघ, आणि त्याची बॅटरी अजून बाजारात मिळते याची खात्री कर.

पन्नास हजारांतले चाळीसच कॅमेऱ्यावर घाल. उरलेल्या दहात दोन जादा बॅटऱ्या, दोन कार्डं, एक हार्ड डिस्क आणि छपाईचे पैसे. लेहला साडेअकरा हजार फुटांवर हिवाळ्यात लिथियम बॅटरी गारठते आणि कॅमेरा 'संपली' म्हणून बंद पडतो. ती खरं तर संपलेली नसते. आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेव, पुन्हा चालेल. बाहेरून बुखारीच्या खोलीत येताना कॅमेरा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध आणि तासभर उघडू नकोस, नाहीतर थंड भिंगावर दव धरतं. आणि बर्फाचा फोटो काढताना एक्स्पोजर एक-दीड घर वर घे. कॅमेऱ्याला एवढा पांढरा रंग पटत नाही, तो बर्फ मळकट करून टाकतो.

हार्ड डिस्कचं कारणही सांगतो. आबांचा फोटो वाचला तो माझ्यामुळे नाही. तुझ्या काकूने त्या वेळी सगळे फोटो दोन सीड्यांवर उतरवून कपाटात ठेवले होते. त्यातली एक सीडी आता उघडतच नाही. आबा दुसऱ्या सीडीत होते. म्हणून दोन ठिकाणी ठेव, आणि वर्षातून एकदा चांगले पन्नास फोटो कागदावर छापून घे. मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिही. वीस वर्षांनी चेहरे आठवतात, नावं आठवत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

काही जुने सोबती मला म्हणतील, "साहेब, तुम्हीच आम्हाला मोठे कॅमेरे घ्यायला लावले होते." खरं आहे, लावले होते. ज्यांना त्यात गोडी लागली त्यांनी फार सुंदर काम केलं, त्यांना हा लेख लागू नाही. बाकीच्यांनी आपापल्या पेट्या उघडून बघाव्यात. कॅमेरा अजून तिथेच असेल.

तर बाळा, मॉडेल तू निवड. पोचल्यावर पँगाँगचा फोटो काढशीलच, सगळेच काढतात. पण त्याआधी तुझ्या सेक्शनमधल्या प्रत्येकाचा एकेक काढ आणि मला पाठव. आणि कॅमेरा अधूनमधून दुसऱ्याच्या हातात दे. माझ्या त्या सहा हजारांत आबा एकदाच आहेत, मी तर एकदाही नाही.

जय हिंद.