गिरडला संगीत नाटक का पोहोचू नये?

इंग्लंडात मूठभर गायक आणि एक पियानो एवढ्या सामग्रीवर छोट्या मंडळ्या लहान गावांतून ऑपेरा करतात. तोही इटालियनमध्ये नव्हे, लोकांच्या इंग्रजीत. महाराष्ट्राला यात नवे काही नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले ते मराठी पदांवरच. पुढे संगीत नाटकाला मखमली पडद्यांचा, गालिच्यांचा, अत्तरांचा मोह जडला. गंधर्व नाटक मंडळी कर्जात रुतली त्यात या थाटाचा वाटा मोठा होता. दोष गाण्याचा नव्हता.

खेड्याला नाटक परवडत नाही, असे शहरी रसिक सांगतात. मग धानकापणी आटोपल्यावर वडशाहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या मंडळ्यांचे काय? तेथे शेतमजूर तिकीट काढून रात्रभर बसतो.

समुद्रपूर तालुक्यातले गिरड झाडीपट्टीबाहेरचे, कापसाच्या मुलखातले. बाबा फरीदांच्या टेकडीवर हिंदू-मुसलमान दोघेही येतात. त्या पायथ्याशी पेटी, तबला आणि पाच-सहा गाते नट पुरेत. खर्च म्हणजे एका गाडीचे भाडे आणि कलावंतांचे मानधन. शहरातील नाट्यगृहांच्या नूतनीकरणाला मंजुरी देणाऱ्यांनी हा हिशेबही एकदा मांडून पाहावा.