मातेचा वाटा कोठे आहे?

कालवारीच्या टेकडीवर प्राण सोडताना प्रभू येशूने आपल्या मातेची सोय लावली. तिला प्रिय शिष्याच्या हाती सोपवले. आपल्याला लागू असलेल्या वारसा कायद्याला मात्र मृत पुत्राची माता दिसतच नाही. हे विधान कुणाला अतिरंजित वाटेल, म्हणून कायदाच पाहू.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता निवर्तली, तर तिच्या मालमत्तेची वाटणी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे होते. ती व्यक्ती अविवाहित असली आणि पिता हयात असला, तर कलम ४२ नुसार सर्व काही एकट्या पित्याचे. मातेला छदामही नाही. मृत मुलगा विवाहित पण निःसंतान असेल, तर अर्धा वाटा त्याच्या विधवेचा आणि उरलेला अर्धा पुन्हा पित्याचाच. पिता आधीच वारला असेल, तेव्हा कोठे कायद्याला मातेची आठवण होते. तीही मृताच्या भावाबहिणींच्या रांगेत, त्यांच्याइतक्याच एका वाट्यापुरती! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पुत्राच्या मालमत्तेत मातेला पहिल्या वर्गाची वारस मानले. आपली माता का नको?

कुणी म्हणेल, पतिपत्नी एकदेह आहेत; बापाला मिळाले ते आईलाच मिळाले. मग हाच न्याय उलट लावून सारे आईच्या नावे करण्यास आपण तयार आहोत काय? आणि जो बाप संसार वाऱ्यावर सोडून निघून गेला, त्याचे काय? भाजीची पाटी डोक्यावर घेऊन मुलाला वाढवणारी आई रिकाम्या हाताने उभी राहते आणि परागंदा बाप वारस ठरतो. पोसले कोणी, हा प्रश्न कायदा विचारतच नाही.

२०१४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २४७ व्या अहवालात ही कलमे बदलण्याची शिफारस केली. तिचा पाठपुरावा आपण किती केला? कायदे दगडावर कोरलेले नसतात. त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात मुलीला मुलाच्या हिश्शाचा चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय या एका बाईने न्यायालयाची पायरी चढली आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अन्याय संपवला. पतीचा व्यभिचार सिद्ध करूनही पत्नीला घटस्फोटासाठी क्रौर्य वा परित्याग यांसारखे आणखी कारण दाखवावे लागे. पतीला तशी अट नव्हती. १८६९ चा तो भेदभाव २००१ मध्ये गेला.

परंतु सगळे खापर कायद्यावर फोडून आपली सुटका नाही. कन्येला तोच कायदा पुत्राइतका वाटा देतो. तो आपण हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊन काढून घेतो. जेथे कायदा आंधळा आहे तेथे आपण मुके, आणि जेथे तो डोळस आहे तेथे आपणच त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. कमावत्या प्रत्येकाने वेळीच मृत्युपत्र करून त्यात आईचे नाव घालावे. बहिणीपुढे सहीसाठी कागद सरकवू नये. आणि प्रत्येक धर्मग्रामातून खासदारांकडे कलम ४२ च्या दुरुस्तीची लेखी मागणी जावी. दुःखी मातेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावणाऱ्या हातांना एवढे लिहिणे जड जाऊ नये.